एक वायर, चार खिडक्या

शनिवार, १३ एप्रिल. संध्याकाळ.

नॉयवार्फ तलाव बचाव मंडळाच्या सभेत आज माझी तंत्रप्रमुख म्हणून एकमताने निवड झाली. उमेदवार मी एकटाच होतो, पण त्याला काही अर्थ नाही. गेल्या वर्षी खजिनदारकीला एकच जण उभा होता, आणि तरी तो पडला.

जबाबदारी मोठी आहे. नगरपालिकेने पोहण्याच्या तलावावरून हात झटकले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून गावच तो चालवतं. कोणी फरशा घासतं, कोणी तिकिटं फाडतं, कोणी बटाटे तळतं. यंदा ११ मेला तलाव उघडायचाय. अडचण एकच. पंपघरात जो कॉम्प्युटरचा डबा आहे त्याची डिस्क हिवाळ्यात गेली. तो डबा पंप चालवतो, पाण्यातलं क्लोरीन आणि तापमान मोजतो आणि दर मिनिटाला नोंद ठेवतो. आरोग्य खात्याची बाई ८ मेला येणार आणि आदल्या चोवीस तासांच्या नोंदी बघणार. नोंदी नाहीत तर परवानगी नाही. आमची अध्यक्षा थेडा उकेना म्हणाली, एक उन्हाळा बंद राहिलेला तलाव पुन्हा उघडत नाही, शेजारच्या गावात जाऊन बघा, तिथे आता बदकं आहेत. थेडाची बेकरी आहे. वाईट बातमीसुद्धा ती ताजी आणि गरम देते.

तर डब्यावर नव्याने लिनक्स घालायचं, एवढंच. मी उभं राहून सांगितलं, दोन तासांचं काम आहे. चहासकट.

विमा कंपनीत एकतीस वर्षं कॉम्प्युटर खात्यात काढली आहेत. गेझीना घरी येताना म्हणाली, तू प्रिंटर बघायचास. प्रिंटर हासुद्धा कॉम्प्युटरच असतो, हे बायकोला एकतीस वर्षांत पटवता आलं नाही.

रविवार, १४ एप्रिल.

डबा पाहिला. पावाच्या लादीएवढा, करडा. स्क्रीन लावायला जागाच नाही. मागे एक सिरीयल पोर्ट, नऊ पिनांचं. म्हणजे लॅपटॉपवरून वायर घालायची, की डबा जे बोलतो ते लॅपटॉपवर अक्षरांत दिसतं आणि आपण जे टाइप करू ते डब्याला ऐकू जातं. टेलिफोनसारखं. सोपं.

तलावाचा मास्तर फोको हाबेन सोबत होता. पोरांना पोहायला शिकवणं, गवत कापणं, शिट्टी मारणं, सगळं तोच करतो. म्हणाला, बघ बाबा, पाण्यात कोणी बुडालं तर मी काढीन, इथे बुडालास तर मला काही येत नाही. मी हसलो.

थेडाने एक यूएसबी स्टिक दिली. तीत पंपाच्या सेटिंग्जची जुनी फाइल आहे. कधी कुठला पंप, किती वेळ, किती क्लोरीन, बाहेर ऊन असेल तर किती, शाळेची पोरं आली तर किती. वर्षानुवर्षं कोणीतरी बारकाईने लिहीत गेलंय. फाइलच्या माथ्यावर डब्ल्यू. पी. म्हणजे उघडच वॉटर पंप. फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि स्टिक पुसून तिच्यावर लिनक्सचा इन्स्टॉलर घातला. वस्तू पडून राहू देणं मला आवडत नाही.

इन्स्टॉलरच्या माहितीपत्रकात लिहिलंय की सिरीयल वायरवरून इन्स्टॉल करताना आता टर्मिनल मल्टिप्लेक्सर मिळतो. एका वायरीवर चार खिडक्या. एकीत इन्स्टॉलर, दोन मोकळ्या, चौथीत काय चाललंय त्याचा लॉग. मल्टिप्लेक्स म्हणजे एका इमारतीत चार थिएटरं आणि चारांतही रद्दी पिक्चर. मी एका वेळी एकच काम करतो आणि ते नीट करतो. लागणार नाही.

मंगळवार, १६ एप्रिल.

वायर मिळाली, आमच्याच तळघरात. गेझीना वीस वर्षं म्हणत होती ते वायरींचं खोकं टाकून दे. आज वायर जेवणाच्या टेबलावर ठेवली.

पंपघरात लावली. काहीच नाही. एक अक्षर नाही. तीन तास. डबा मेलाय. थेडाला तसं कळवलं.

पोपिंगाबाई केक घेऊन आल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, काटकुळ्या, पांढरी वेणी. तलाव उघडल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत रोज सकाळी चाळीस फेऱ्या पोहतात. पूर्वी ओल्डेनबुर्गला कुठल्याशा ऑफिसात टायपिंग की काय ते करायच्या. वाकून वायरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ही सरळ आहे का उलटी? मी त्यांना शांतपणे समजावलं की वायर नळासारखी असते, एका टोकाने घालायचं, दुसऱ्या टोकाने येतं, तिला सरळ-उलटं काही नसतं. बाई म्हणाल्या, असं होय, आणि मला केकचा मोठा तुकडा दिला.

बुधवार, १७ एप्रिल.

आज सकाळी दाढी करताना सुचलं. दोन्ही यंत्रं एकाच पिनेवर बोलत असतील आणि एकाच पिनेवर ऐकत असतील तर त्यांची गाठ पडायची कशी? वायर आतून उलटी हवी. अशी वायर मिळते. मागवली. अशा गोष्टी एकतर सुचतात, नाहीतर सुचत नाहीत.

थेडाला कळवलं की डबा मी जिवंत केलाय.

शनिवार, २० एप्रिल.

अक्षरं आली. पण कसली. आडवे डोळे, उलटी प्रश्नचिन्हं, चौकटी. फोटो काढून गेझीनाला दाखवला. म्हणाली, अरे, हे तुझं हस्ताक्षर वाटतंय.

मला व्हायरसचा संशय आहे. परदेशी.

तलावात आज पंधरा माणसं फरशा घासत होती. मला ब्रश द्यायला आले होते. तांत्रिक माणसाचे हात खरबडीत होऊन चालत नाहीत, असं सांगितलं. पोपिंगाबाई रिकाम्या तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून घासत होत्या. तिथूनच ओरडून विचारलं, दोन्हीकडचा वेग एकच ठेवलाय ना हो? मी म्हटलं, तेच करायला निघालोय. निघालोच होतो.

डबा एका वेगाने बोलत होता आणि लॅपटॉप बाराव्या हिश्शाने ऐकत होता. जुळवलं. व्हायरस गेला.

सोमवार, २२ एप्रिल. दुपार.

इन्स्टॉलर दिसला. निळी पाटी, मधे करडी चौकट, तुमची भाषा कोणती. मला क्षणभर भरून आलं. फोकोला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, पण हे भाषा विचारतंय, पंप कधी विचारणार.

स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी येते. एक, दोन, तीन, चार. तो मल्टिप्लेक्सर. डोळ्यांत खुपत होती. माहितीपत्रकात बघून बंद केली.

डिस्कपर्यंत सुरळीत. मग लाल पाटी: डिस्कचे विभाग पाडता आले नाहीत. का, ते नाही. स्क्रीन लावलेल्या साध्या कॉम्प्युटरवर अशा वेळी दोन बटणं दाबून दुसऱ्या पडद्यावर जाता येतं आणि कारण वाचता येतं. तीच दोन बटणं इथे दाबली तर माझ्या लॅपटॉपवर मेनू उघडला आणि हवामान दिसलं. नऊ अंश, ढगाळ.

पुन्हा पहिल्यापासून. एका खेपेला चाळीस मिनिटं.

गुरुवार, २५ एप्रिल.

आजवर अकरा खेपा. लाल पाटी अकरा. भाषा आता मी डोळे मिटून निवडतो.

निश्चय: रोज फक्त तीन खेपा. प्रत्येक खेपेनंतर पाच मिनिटं ताठ उभं राहायचं.

शनिवार, २७ एप्रिल.

पोपिंगाबाई पंपघरात येऊन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, गुडघे दुखतायत, दोन मिनिटं टेकते. लाल पाटी बघितली. मग म्हणाल्या, चौथ्या खिडकीत लॉग असेल ना, त्यात काय म्हणतंय? मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरवर खिडकी म्हणतात तेव्हा खरी खिडकी नसते. त्या म्हणाल्या, नसते, खरंय. आणि उठून पुन्हा फरशांकडे गेल्या.

म्हातारपणी माणसाला कशातही रस घ्यावासा वाटतो. चांगली गोष्ट आहे.

निश्चय मोडला. आज सात खेपा.

बुधवार, १ मे. सुट्टी.

खूप विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की मल्टिप्लेक्सर वापरायला हवा. दुसरं कोणी सांगितलं म्हणून नव्हे. चौथ्या खिडकीत लॉग असतो असं मला आतून वाटलं.

पट्टी पुन्हा चालू केली. लाल पाटी आल्यावर चौथ्या खिडकीत जायचं: कंट्रोल आणि ए, मग चार. दाबलं. उत्तर आलं, अशी खिडकी नाही. पट्टीवर चार स्पष्ट दिसतोय आणि म्हणे नाही. दुसरं काही दाबून पाहिलं. पडद्यावर प्रश्न आला, खरंच मारू का? मी हो म्हटलं. सगळं काळं झालं.

तेव्हा दोष मल्टिप्लेक्सरमध्ये आहे. बनवणाऱ्यांना लिहिलं. चार पानं. एकतीस वर्षांचा अनुभव, गावाचा तलाव, आरोग्य खातं, सगळं घातलं. शेवटी लिहिलं की माझ्यासारख्या माणसाची ही गत, तर सामान्यांनी काय करावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

उत्तर आलं. बर्गेनहून कोणी टोर्बियोर्न. अडीच ओळी. लिहिलंय: तुम्ही वायरीवर बोलायला लॅपटॉपवरही तोच मल्टिप्लेक्सर वापरत असणार. म्हणजे एकात एक दोन आहेत. हाक मारली की बाहेरचाच ओ देतो. आतल्याला हाक मारायची तर कंट्रोल-ए, मग नुसता ए, मग आकडा. तलावाला शुभेच्छा.

चार पानांना अडीच ओळी. मुद्द्याला बगल दिली. तरी एकदा करून बघीन म्हणतो.

गुरुवार, २ मे.

लॉग दिसला. लिहिलंय, कार्डावर लिहायला मनाई आहे.

डिस्कच्या जागी जे मेमरी कार्ड घातलंय त्याच्या कडेला नखाएवढा एक खटका असतो. तो कुलूप लावल्याच्या बाजूला होता. कोणीतरी सरकवला असणार. कार्ड आणल्यापासून माझ्याच खिशात होतं हे खरं, पण खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या खिशाला अनेकांचे धक्के लागतात.

सव्वीस खेपा. एक नख.

फोकोला कारण सांगितलं नाही. तांत्रिक होतं.

शुक्रवार, ३ मे.

मल्टिप्लेक्सरवर माझा पहिल्यापासून विश्वास होता. वस्तू समजून घ्यायला मात्र डोकं लागतं. एकीत इन्स्टॉलर चाललाय, दुसरीत मी डबा किती गरम झालाय ते बघतोय, चौथीत लॉग धावतोय, आणि हे सगळं एका बारीक वायरीतून. आज दिवसभर नुसता खिडक्या बदलत बसलो. इन्स्टॉल करायचं राहिलं.

गावाला हे दिसायला हवं. रविवारी पंपघरात प्रात्यक्षिक ठेवलंय. थेडाच्या बेकरीत चिठ्ठी लावली. तिने चिठ्ठी क्रीम रोलच्या मागे लावली.

रविवार, ५ मे.

प्रात्यक्षिकाला अकरा जण. फोकोचा कुत्रा धरून बारा. पोपिंगाबाई मागे, दाराजवळ.

सुरुवात उत्तम. एकात एक दोन मल्टिप्लेक्सर, बाहेरचा आणि आतला, हे घरातल्या सासू-सुनेच्या उदाहरणाने सांगितलं. लोक हसले. मग म्हटलं, आता तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या खिडकीत जाऊन कार्ड कोरं करतो आणि पहिल्यापासून इन्स्टॉल करून दाखवतो. हाक मारली, खिडकी उघडली, डिस्क पुसायची आज्ञा दिली. तिने पासवर्ड मागितला. डबा आजवर कधी पासवर्ड मागत नव्हता. मी म्हटलं, सुधारणा झाली असेल. माझा पासवर्ड घातला. तो चालला.

पोपिंगाबाई मागून म्हणाल्या, थांबा. पण मी प्रात्यक्षिकात मधे बोललेलं ऐकत नाही.

हाक एकदाच मारली होती, मधला नुसता ए राहून गेला. बाहेरच्याने ओ दिली. डबा जसाच्या तसा आहे. लॅपटॉप कोरा झाला.

लोकांना सांगितलं की लॅपटॉप जुना होता. ते खरंच आहे.

लोक गेल्यावर फोकोने विचारलं, एकहार्ड, पंपाची फाइल कुठे आहे रे? मी म्हटलं, सुरक्षित जागी.

त्याच दिवशी, रात्री आठ.

फाइल कुठेही नाही. स्टिक मीच पुसली. लॅपटॉप मीच पुसला.

आठवणीतून लिहून काढता येईल. बसलो. एक आकडा आठवतोय, सात. कशाचा ते आठवत नाही.

सोमवार, ६ मे. सकाळी.

गेझीनाचा लॅपटॉप मागितला. ती म्हणाली, यावर माझ्या बहिणीचे सगळे फोटो आहेत, तू आज कुठल्याच खिडकीत काहीही पुसणार नाहीस असं वचन दे. दिलं. तिने ते लिहून घेतलं.

बेत: दुपारी बारापर्यंत लिनक्स घालायचं. मग सेटिंग्ज अंदाजाने. क्लोरीन कमी पडलं तर वाढवता येतं. उद्या दुपारी बाराच्या आत नोंदी सुरू झाल्या तर बुधवारी चोवीस तास भरतात. भरपूर वेळ आहे.

सोमवार, ६ मे. दुपारी एक.

अंथरुणात लिहितोय.

इन्स्टॉल बासष्ट टक्के झालं होतं. लाल पाटी नाही, काही नाही. खाली पट्टीवर चारही खिडक्या शहाण्यासारख्या बसलेल्या. तेवढ्यात फोकोने वरून हाक मारली की चहा झालाय, खडीसाखर विरघळायच्या आत ये. मी उठलो. वायर पायात आली. लॅपटॉप स्टुलावरून घसरून पोत्यावर पडला, वायर उपटून निघाली, आणि स्क्रीनवर फक्त एवढं राहिलं की जोडणी संपली.

बासष्ट टक्क्यांवर तुटलेलं इन्स्टॉल म्हणजे गेलेलं इन्स्टॉल. मला माहीत आहे. सव्वीस खेपा केल्यात.

वर गेलो. चहा घेतला नाही. फोकोला म्हटलं, मला बरं वाटत नाही. तो म्हणाला, घाम तर आलाय खरा. सायकलने घरी आलो. लॅपटॉप तिथेच राहिला.

ताप नाही. पण येईल असं वाटतंय.

मंगळवार, ७ मे.

खोकला. दोनदा.

गेझीना सकाळी बाहेर गेली ती दुपारी आली. हाताला क्लोरीनचा वास. तिने सूप दिलं आणि विचारलं, एकहार्ड, पंपाची फाइल पुसली गेली हे तू कोणाला सांगितलंस का? मी म्हटलं, घसा बसलाय.

थेडाला राजीनामा लिहायला घेतला. पहिल्या वाक्यात प्रकृती, दुसऱ्या वाक्यात मंडळाचं तांत्रिक धोरण. तिसरं सुचेना. उद्या बारा वाजता आरोग्य खात्याची बाई येईल, कोरा डबा बघेल आणि निघून जाईल. पोरं शाळेतून येऊन कुंपणाला चिकटून उभी राहतील. ही पोरं मी कधी मोजली नव्हती. आज छताकडे बघत मोजली. आमच्याच गल्लीत नऊ आहेत.

बुधवार, ८ मे. दुपारी.

परवानगी मिळाली.

गेझीना सांगत आली. नोंदी बरोबर चोवीस तासांच्या, मिनिटाला एक. क्लोरीन बरोबर. बाईने तीनदा पाणी तपासलं, थेडाचे दोन रोल खाल्ले आणि सही केली.

मी उठून बसलो. नीट विचार केला. कारण आहे. इन्स्टॉलर माझ्या वायरीत राहत नव्हता, तो आतल्या मल्टिप्लेक्सरमध्ये राहत होता. वायर गेली म्हणून आतलं काम थांबत नाही. तो बासष्टवरून त्रेसष्टवर गेला असणार, आणि तसाच शंभरावर. म्हणजे सोमवारी मी घरी सायकल मारत होतो तेव्हा माझं इन्स्टॉल चालूच होतं. पाया पक्का घातला की इमारत आपोआप उभी राहते.

सेटिंग्ज कुठून आल्या हा एक मुद्दा राहतो. पण सगळेच मुद्दे एका दिवशी सोडवायचे नसतात.

राजीनामा फाडला. भाषण लिहायला घेतलं.

गुरुवार, ९ मे. बापदिन.

फोको आणि मंडळी बापदिनाच्या रिवाजाप्रमाणे हातगाडीवर बिअरची पेटी टाकून गावभर फिरत होती. आमच्या फाटकाशी थांबली. फोकोने बाटली वर केली आणि म्हणाला, आमच्या तंत्रप्रमुखाच्या नावाने, तो असाच अंथरुणात राहो. सगळे प्याले. मीही प्यालो. नॉयवार्फची माणसं कौतुक असंच आडवळणाने करतात.

भाषण चार पानं झालंय.

शुक्रवार, १० मे.

पंपघरात गेलो. कोणी नव्हतं. पंप गुरगुरतोय, डब्यावर हिरवा दिवा. सिरीयल वायर गुंडाळून, रबर लावून खिळ्याला टांगलेली. मी वायरी अशा गुंडाळत नाही.

भिंतीला एक कागद चिकटवलेला. बारीक, उभं अक्षर. पहिली खिडकी ही, दुसरी ही, चौथीत लॉग. बाहेरच्याला हाक अशी, आतल्याला अशी. वायर निघाली तर घाबरू नये, पुन्हा लावून हे टाइप करावं, काम जिथे होतं तिथे सापडेल. खाली क्लोरीनचा तक्ता. ऊन असेल तर, शाळेची पोरं आली तर. सगळे आकडे. सात कुठेच नाही. आणि खाली सही: डब्ल्यू. पी.

पोपिंगाबाईंचं नाव वीबके. ते डब्ल्यूने लिहितात.

फोको आला. मी कागदाकडे बघतोय हे त्याने बघितलं. म्हणाला, ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठात त्या टर्मिनलांची खोली सांभाळायच्या, वीस वर्षं. एका यंत्राला चाळीस वायरी आणि चाळीस पोरं. आपली फाइल त्यांनीच लिहिलीय. घरी वहीत होती, सोमवारी संध्याकाळपर्यंत बसून पुन्हा टाइप केली. मी विचारलं, मग सभेत त्या उभ्या का नाही राहिल्या? फोको म्हणाला, त्यांना पोहायचं असतं.

मी त्यांना खिडकी म्हणजे काय ते समजावलं होतं. वायर नळासारखी असते म्हणूनही सांगितलं होतं.

घरी येऊन भाषण पुन्हा वाचलं. ‘मी’ हा शब्द पहिल्या पानावर एकोणीस वेळा. दुसऱ्या पानावर मोजला नाही.

शनिवार, ११ मे.

उद्घाटन. बाहेर चौदा अंश, ऊन, वारा. अग्निशामक दलाचा बॅंड, दोनशेच्या वर माणसं, कुंपणाच्या आतल्या बाजूला पोरं. पोपिंगाबाई निळी टोपी घालून रांगेत तिसऱ्या.

बॅंड थांबला. थेडाने माइक घेतला आणि म्हणाली, एकहार्ड व्यूबेना, जरा पुढे ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे गेलो. जाताना ठरवत होतो, आणि माइकपाशी पोचेपर्यंत ठरलं. थेडाच्या हातून माइक घेतला. ती देत नव्हती, पण घेतला.

मी सांगितलं, फाइल मीच पुसली, दोन वेळा, दोन ठिकाणी. सोमवारी मी आजारी नव्हतो, पळालो होतो. डबा चालतोय तो पोपिंगाबाईंमुळे. उन्हाळा त्यांनी वाचवला, मी नाही. एकतीस वर्षांत कुठल्याही मीटिंगमध्ये असं बोललो नव्हतो.

मग मागून फोको म्हणाला, हो, ते माहितीये सगळ्यांना.

थेडा हळूच म्हणाली, अरे, सोमवारी अर्धं गाव पंपघरात होतं. कोणी आकडे वाचून दाखवत होतं, कोणी चहा आणत होतं. दुसऱ्या दिवशी गेझीनाने सेन्सर पुसले. तुला मी त्यासाठी नाही बोलावलं. तुझी गाडी अग्निशामक गाडीसाठी ठेवलेल्या फाटकासमोर आहे. बटाटे तळायची व्हॅन आत येत नाहीये, पोरं कधीची भुकेली आहेत. तेवढी काढ.

टाळ्या व्हॅनसाठी होत्या असं आता वाटतं.

गाडी काढली. जवळ कुठे जागा नव्हती. चर्चच्या मागे लावून चालत परत आलो तोवर सगळे पाण्यात. गेझीना उथळ भागात, गल्लीतल्या दोन पोरांना हाताशी धरून. पोपिंगाबाई बाराव्या की तेराव्या फेरीत. मी काठावर उभा राहून म्हणालो, बाई, मला माफ करा. त्या कडेला आल्या, पाणी नाकाने फुंकलं आणि म्हणाल्या, एकहार्ड, प्रिंटर बघता येतो ना तुला? माझा कागद ओढत नाही, मंगळवारी ये. आणि वळून गेल्या.

पाणी एकोणीस अंश आहे असं डबा म्हणत होता. खात्री करायला पायऱ्या उतरलो. गुडघ्यापर्यंत. बरोबर आहे, एकोणीस. मोजायला तेवढं खोल पुरतं.